टोकाची वीट

"दादा, वीट हलवू नका!"

रश्मी एवढ्या जोरात ओरडली की चंद्रप्रकाशबुवांनी माउसवरचा हात झटकन मागे घेतला. नैवेद्य दाखवायच्या आधीच पेढ्याला हात लावताना पकडलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर एक लांब फळी, तिच्या मधोमध खाली त्रिकोणी टेकू, आणि फळीच्या उजव्या टोकाला बुवांनीच ठेवलेली एक लाल वीट. रश्मी पेडणेकर चारकोपच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सोमवारी तिला हा धडा वर्गावर घ्यायचा होता आणि त्याआधी तो कुणावर तरी करून बघायचा होता. नवरा सौरभ ‘पेटीचे सूर तपासतो’ म्हणून सटकला. सासूबाई, म्हणजे शकुताई, ‘माझा सुंठवडा कोण कुटणार?’ म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. उरले सासरे.

"अगं, जरा आत सरकवत होतो. टोकावरून पडली असती बिचारी."

"सरकवायची नाही. एकदा ठेवलेली वीट प्रयोग संपेपर्यंत तिथेच. तुम्ही दुसऱ्या बाजूला काय ठेवलं की फळी सरळ राहील, तेवढंच सांगायचं."

"ही दहा किलोची ना? मग तिकडे दहा."

"तिकडे टोकाला जागा नाही. निम्म्यावरच ठेवायची."

बुवा विचारात पडले. "मग वीस?"

"का?"

"अंदाज गं. जवळ बसवलेल्याला जास्त खायला घालावं लागतं."

रश्मीने वीस किलोची वीट निम्म्यावर ठेवली आणि ‘आधार काढा’चं बटण दाबलं. फळीखालचे दोन्ही खांब नाहीसे झाले. फळी जरा डुलली आणि आडवी स्थिर राहिली.

"भार गुणिले टेकूपासूनचं अंतर, याला म्हणायचं आघूर्ण," रश्मी वर्गातल्या आवाजात म्हणाली. "दोन्ही बाजूंची आघूर्णं सारखी झाली की फळी फिरत नाही. समतोल."

"म्हणजे लांब उभी असलेली लहानशी वीट, ती जवळच्या दांडग्या विटेच्या तोडीची?"

"तोडीची."

बुवांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "रश्मी, अगं हा धडा नाही, हा दृष्टांत आहे! देवाच्या पायाशी बसलेला सावकार, आणि रांगेच्या टोकाला हात जोडून उभी असलेली म्हातारी! आज संध्याकाळी हाच घेतो."

"शकु, ऐकलंस का?" असं ओरडत ते आत गेले. आतून उत्तर आलं, "ऐकलं. दृष्टांत उभ्याने सांगायचा. उड्या मारून नाही."

शकुताईंच्या बोलण्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी बुवा न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि त्यांचा खुबा मोडला. आत पट्टी बसवली, स्क्रू बसवले, महिनोन्‌महिने अंथरूण धरावं लागलं. तेव्हापासून झांजांची जोडी फडक्यात बांधून खुंटीला होती. ज्याने कीर्तनकाराच्या घरात दिवस काढलेत त्यालाच ठाऊक, त्या घरात झांज वाजेनाशी झाली की भिंतीसुद्धा कशा मुक्या होतात. आज दत्तजयंती. सोसायटीच्या देवळापुढे बुवांचं दोन वर्षांनी पहिलं कीर्तन. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण बजावलंही होतं, "उभे राहा, गा, बोला. पण पुन्हा पडलात, तर कीर्तन सोडाच, तुमचं चालणंही माझ्या हातात राहणार नाही."

संध्याकाळी देवळापुढचं पटांगण भरलं. सतरंज्यांवर बायका, खुर्च्यांवर गुडघेवाले, मागे मोबाइल उंच धरून उभी असलेली तरुण मंडळी. स्टेज यंदा कमरेहून उंच होतं. ‘व्हिडिओत बुवा नीट दिसले पाहिजेत’ अशी सेक्रेटरी मिथुन वारंग यांची आज्ञा होती. स्टेज म्हणजे लोखंडी चौकटीवर प्लायवूड ठोकलेला एकच लांबलचक पाट, लोखंडी घोड्यांवर, म्हणजे तिवईसारख्या आधारांवर, टेकवलेला. खाली चहूबाजूंनी लाल झालर. मधोमध नारदाची गादी, तिच्यावर बुवा. त्यांच्या थोडं मागे एका अंगाला पेटीवर सौरभ, दुसऱ्या अंगाला तबल्यावर रश्मीच्या शाळेतले संगीताचे शिक्षक धम्मपाल जाधव. सौरभ इतका सडपातळ की पेटीमागे नुसता चष्मा दिसायचा. धम्मपालसर चांगले भरभक्कम. त्यांनी मांडी घातली की तबला त्यांच्यापुढे वाटीसारखा वाटायचा.

पूर्वरंग असा रंगला की शकुताईंनी दोनदा पदराने डोळे टिपले. आवाज तोच होता. जरा थकलेला, पण त्या थकण्यानेच गोड झालेला. मध्यंतर झालं. बुवांना हार घातला, वादकांना हार घातले, श्रोत्यांच्या कपाळाला बुक्का लावत रश्मी पुढच्या रांगेपर्यंत आली आणि तिच्या हातातली बुक्क्याची डबी निसटून गडगडत झालरीखाली गेली.

ती वाकली. झालर वर केली. आणि तशीच राहिली.

मागे घोडी होती. मध्ये घोडी होती. पुढे घोडी नव्हती. मधल्या घोडीच्या पुढचं पाच फूट स्टेज नुसतं हवेत होतं.

तिने वारंगांना गाठलं. "वारंगसाहेब, पुढची घोडी कुठाय?"

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. गणपतीत याच स्टेजवर पोरं नाचली."

"तेव्हा घोडी होती?"

"तेव्हा होती. आता तिथलं गटाराचं झाकण फुटलंय ना, घोडी ठेवली की पाय आत जातो. मंडपवाला परत घेऊन गेला. झालर लावलीय की पुढून, दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"म्हणजे लूक खराब होत नाही."

"अहो, पुढे कुणी उभं राहिलं तर पाट उलटेल!"

"पुढे कोण जातंय? बुवा गादीवर. एन्जॉय करा मॅडम."

रश्मी धावत स्टेजच्या मागच्या पायऱ्यांशी गेली आणि पेटीमागच्या चष्म्याला हाक मारली. "सौरभ, दादांना सांग, गादी सोडायची नाही. पुढे घोडीच नाहीये."

"अगं, खुब्यात पट्टी असलेला माणूस जाणार कुठे? दोन तास झाले एका जागी उभे आहेत. तू बस जा, आख्यान सुरू होतंय यार."

झांज वाजली. आता बोलायची सोय राहिली नाही. कीर्तन चालू असताना कीर्तनकाराला मध्येच थांबवायचं नसतं. त्या गादीवर तो बुवा नसतो, तिथे दुसरंच कुणी त्याच्या तोंडून बोलत असतं, असं रश्मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती आणि मनापासून मानतही होती. ती पुढच्या रांगेत बसली. मनात पाट मांडला. मधली घोडी हा टेकू. दादा जवळजवळ टेकूवरच, म्हणजे त्यांचं आघूर्ण जवळपास शून्य. मागे धम्मपालसर. ठीक आहे. जोवर दादा गादीवर आहेत, तोवर ठीक आहे.

"तर मंडळी," बुवा म्हणाले, "देवाच्या पायाशी बसला होता सावकार. अंगाने दांडगा, दानाने दांडगा. आणि ती म्हातारी? तिच्या पदरात मूठभर तांदूळ. ती कुठे उभी होती?"

रश्मी जागेवरून अर्धी उठली.

"ती इथे नव्हती!" बुवांनी गादी सोडली. "इथेही नव्हती!" आणखी एक पाऊल. "ती होती रांगेच्या अगदी टोकाला!"

आणि बुवा स्टेजच्या अगदी टोकाला जाऊन उभे राहिले.

पाट दोन बोटं खाली गेला. करकर असा आवाज आला, पण तो टाळ्यांत बुडाला. धम्मपालसरांचा तबला चुंबळीसकट वीतभर पुढे घसरला. त्यांनी वाजवता वाजवता त्याला गुडघ्याने अडवलं आणि रश्मीकडे पाहिलं. गेल्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत तिने त्यांनाही त्या विटा दाखवल्या होत्या. सरांचे डोळे मोठे झाले. त्यांनी सगळं अंग मागे रेलून धरलं आणि ठेका तसाच चालू ठेवला.

टोकावर बुवा हसऱ्या चेहऱ्याने उभे होते. फक्त त्यांचं धोतर गुडघ्यापाशी थरथरत होतं.

"आता ही म्हातारी सावकाराच्या तोडीची कशी?" त्यांचा आवाज कणभर चढला. "ते माझी सूनबाई शाळेत शिकवते. तिच्याच तोंडून ऐका. रश्मी, ये गं वर! लवकर ये!"

लोकांनी कौतुकाने माना वळवल्या. दृष्टांत सुचला म्हणून दादा हौसेने बोलावताहेत, असं रश्मीला वाटलं. त्यांना काय कल्पना, ते कशावर उभे आहेत! मागच्या पायऱ्यांनी ती जपून वर चढली. तिच्या पावलाने पाट किंचित मागे कलला आणि पुन्हा पुढे झुकला. पेटीपुढचा माइक तिने उचलला आणि जे पहिलं तोंडात आलं ते बोलली.

"दादा, हलू नका!"

लाउडस्पीकरवरून ते सगळ्या सेक्टरला ऐकू गेलं. बुवा जागच्या जागी थिजले.

"हा प्रयोग आहे," रश्मी म्हणाली. "टोकाला म्हातारी उभी आहे. आता मागे भार ठेवायचाय. भरपूर. शेवंतीकाकू, तुम्ही या वर."

शेवंतीकाकू पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर ऐसपैस बसल्या होत्या. "मी? कित्याक गो?"

"मागे बसायला."

"इतक्या माणसांत तुका मीच दिसलंय? मी काय गोणी आसंय?"

"काकू, सावकाराची बाजू आहे. मान आहे मानाचा."

"सावकार?" काकू लगेच उठल्या. "तसा सांग मगे."

काकू पायऱ्या चढल्या आणि रश्मीने दाखवलेल्या अगदी मागच्या कडेला बसल्या. पाट एक बोट वर आला. एकच बोट. तेवढ्यात बुवांना खोकला आला आणि पाट पुन्हा डुलला. सौरभचा चष्मा पेटीवरून वर आला. त्याला आत्ता कुठे उमगलं होतं. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला, पण बोटं चालू राहिली.

"अजून भार पाहिजे!" रश्मी ओरडली. "ज्यांना ज्यांना बुवांच्या कीर्तनात सेवा करायचीय, त्यांनी मागून वर या. मागून! पुढून कुणी हात लावू नका!"

सेवा म्हटल्यावर काय विचारता! बी विंगमधले कॅरमवाले आले. भजनी मंडळाच्या सहा बायका एकमेकींचे पदर धरून आल्या. "माझं वजन चालेल का गं, मॅडम?" असं विचारत एक आजोबाही आले आणि चालणार नाही म्हटल्यावर रुसून तिथेच बसले.

"मॅडम, स्टेजवर गर्दी नको!" वारंग खालून हात हलवत होते. "व्हिडिओत लूक खराब होतोय!"

मागे माणसांचा ढीग झाला. पाट हळूहळू आडवा आला आणि मागच्या घोडीवर घट्ट बसला. तबल्याने पुढे जाणं सोडलं. धम्मपालसरांनी बनियनपर्यंत भिजलेला शर्ट सावरला आणि एक जोरदार तिहाई वाजवली.

"समतोल!" रश्मी म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पण कीर्तन संपलं नव्हतं. बुवांनी टोकावर उभं राहूनच आख्यान पुढे चालवलं. पाऊल उचललं नाही, कंबर वळवली नाही. झांजसुद्धा फक्त मनगटातून वाजवली. नुसता आवाज मात्र असा लागला की पटांगणात चिटपाखरू हलेना. म्हातारीने तांदूळ वाहिले तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाया मुसमुसून रडल्या. "काय तल्लीनता! जागचे हलत नाहीत बघा," कुणीतरी म्हणालं. रश्मी मागे उभी राहून माणसं मोजत होती. कुणी खाजवायला हात उचलला तरी ती पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. "काकू, जरा मागे." "अगो, मागे भिंत आसा." "भिंतीला टेका मग."

आख्यान संपलं आणि खरी परीक्षा आली. आरती. आरतीला बसून कोण राहील? सगळे उठले, आणि दत्तांची तसबीर स्टेजच्या पुढच्या कोपऱ्यात होती, म्हणून सगळे पुढे सरकले.

"उभे राहा, पण पुढे येऊ नका!" रश्मी दोन्ही हात पसरून आडवी झाली. "मागे! सगळे मागे!"

शकुताई आरतीचं ताट घेऊन पुढच्या बाजूने निघाल्या होत्या.

"आई, ताट मागून फिरवा!"

"अगं पण देव पुढे आहे!"

"देव सगळीकडे आहे, आई! माणसं मागे पाहिजेत!"

शकुताईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, मग टोकावरच्या नवऱ्याकडे, मग त्याच्या थरथरणाऱ्या धोतराकडे. त्या वळल्या आणि मागच्या पायऱ्यांकडे गेल्या. त्या दत्तजयंतीला देवाच्या पाठीमागून आरती झाली, आणि देवाने काही मनावर घेतलं असेल असं वाटत नाही. जयजयकार झाला तशी रश्मीने खालच्या चार दणकट माणसांना पुढे बोलावलं. त्यांनी बुवांना अलगद उचललं आणि खुर्चीवर नेऊन ठेवलं. लोकांना वाटलं, बुवांचा सत्कार. त्यांनी फुलं उधळली.

रश्मी पायरीवर मटकन बसली. शकुताईंनी तिच्या हातावर सुंठवडा ठेवला आणि त्यावर स्वतःचा हात तसाच ठेवून राहिल्या. सुंठवड्याचा वास सुटताच मागचा माणसांचा ढीग भराभर उतरला. शेवंतीकाकू उतरल्या. धम्मपालसर तबला-डग्गा काखोटीला मारून उतरले. सौरभ बापाकडे धावला. स्टेजवर एकटी पेटी उरली.

आणि वारंग चढले. हातात माइक, खांद्यावर स्वतःच आणलेली शाल. ते व्हिडिओसाठी थेट टोकाकडे निघाले.

"वारंगसाहेब, पुढे जाऊ नका!" रश्मी किंचाळली.

"दोनच मिनिटं, मॅडम. आभार राहिलेत." त्यांनी टोकाला पाय जुळवले. "सर्वप्रथम, हे भव्य स्टेज उभारल्याबद्दल मी मंडपवाल्यांचे..."

पाटाने पुढे मान टाकली. वारंग धप्पकन बसले आणि बसल्या बसल्या, माइकसकट, शालीसकट, घसरगुंडीवरून यावेत तसे सावकाश खाली आले आणि गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्यांवर विसावले. मागून पेटी आली. ती त्यांनी अगदी मुलासारखी मांडीवर झेलली. एक सूर निघाला.

"...आभार मानतो," वारंग माइकमध्ये म्हणाले. सवय असते.

त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. शेवंतीकाकू सुंठवडा चघळत एवढंच म्हणाल्या, "आता कळला, माका मागे कित्याक बसवलेली ती."

घरी आल्यावर बुवा खुर्चीत पाय लांब करून बसले. शकुताई त्यांच्या खुब्याला तेल चोळत होत्या आणि बोलत काहीच नव्हत्या, म्हणजे फार रागावल्या होत्या.

"दादा, माझं चुकलं," रश्मी म्हणाली. "मी तो दृष्टांत सांगितलाच नसता तर तुम्ही टोकाला गेलाच नसता. आणि तुम्हाला बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता."

"पत्ता नव्हता?" बुवा हसले. "अगं, टोकावर पाय ठेवताच खालची फळी गेली की! हातपाय गार पडले. कीर्तन तर थांबवता येत नाही. म्हटलं, हे विटांचं काम आहे, हिलाच बोलवावं. म्हणून तर हाक मारली, लवकर ये म्हणून."

सौरभने पाण्याचा पेला खाली ठेवला. "मग बाबा, कळलं होतं तर दोन पावलं मागे का नाही आलात? गादीवर परत? मागे कुणालाच बसवावं लागलं नसतं."

शकुताईंचा तेलाचा हात थांबला.

"मी निघालोच होतो," बुवा म्हणाले. "टाच उचललीसुद्धा होती. पण ही माइकवर ओरडली, हलू नका. आणि सकाळीच बजावलं होतं, एकदा ठेवलेली वीट प्रयोग संपेपर्यंत हलवायची नाही." त्यांनी निरागसपणे सुनेकडे पाहिलं. "मी वीट होतो ना?"

शकुताईंनाच आधी हसू फुटलं. हसता हसता तेलाची वाटी कलंडली.

रश्मीने लॅपटॉप ओढून घेतला. टोकाला लाल वीट ठेवली. फळी खाली गेली. दुसऱ्या बाजूला तिने काहीच ठेवलं नाही. माउस तिने सासऱ्यांच्या हातात दिला.

"हलवा, दादा."

"नक्की?"

"नक्की."

बुवांनी जपून, खुब्याला धक्का लागू नये अशा बेताने, वीट हळूहळू सरकवत आत आत आणली आणि बरोबर टेकूवर नेऊन उभी केली. फळी डुलली, सरळ झाली, थांबली.

"अरेच्चा," बुवा म्हणाले. "हिला तर शेवंतीची गरजच नाही." आणि खुंटीकडे हात करून त्यांनी सौरभला सांगितलं, "त्या झांजा फडक्यात बांधू नकोस रे. राहू देत अशाच. रामनवमीला लागतील."